घरचीच बुरशी

"अंगावरून पांढरं जातंय आणि खाज थांबत नाही" एवढं एक वाक्य बोलायला आपल्याकडच्या बाईला कित्येक आठवडे लागतात. सासूजवळ बोलता येत नाही, नवऱ्याला सांगायचं कसं ते कळत नाही, आणि दवाखान्यात पुरुष डॉक्टर असेल तर विषयच संपला. शेवटी अगदी सहन होईना झालं की ती तपासून घेते. निदान यीस्टच्या संसर्गाचं निघालं की घरात पहिला प्रश्न येतो तो "कुठून लागलं?" हाच. नवरा बायकोकडे संशयाने बघतो, बायको नवऱ्याकडे, आणि दोघांचं एकमत झालंच तर ते एस.टी. स्टँडवरच्या किंवा लग्नाच्या हॉलमधल्या संडासाला दोष देण्यावर होतं. हा प्रश्न बहुतेक वेळा गैरलागू असतो. त्यातून संसारात जी कटुता येते ती आजारापेक्षा वाईट, म्हणून या बुरशीची नीट ओळख करून घ्यायला हवी.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पाव फुगवणारी यीस्ट वेगळी, तिचं नाव सॅकरोमायसिस. पाव खाल्ल्याने हा आजार होत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण ही समजूत चांगल्या शिकलेल्या घरांतही आहे. माणसाला त्रास देणाऱ्या यीस्टमध्ये कँडिडा हे नाव सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यातही कँडिडा अल्बिकन्स ही प्रजाती. माणसाचं आणि इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांचं शरीर हेच तिचं मुख्य वसतिस्थान. तोंड, आतडी, त्वचेच्या घड्या, योनिमार्ग अशा ठिकाणी ती कुणाच्याही नकळत राहते. कसलीही तक्रार नसलेल्या निरोगी बायकांची तपासणी केली तरी शंभरातल्या दहा ते वीस जणींच्या योनिमार्गात कँडिडा सापडते. त्यांना आजार नसतो आणि औषधाचीही गरज नसते. तरी चारपैकी सुमारे तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी या बुरशीचा त्रास होतो, आणि शंभरातल्या चाळीसहून अधिक जणींना तो पुन्हा होतो. म्हणजे हा कुणा "तसल्या" बाईचा आजार नाही. तुमच्या-माझ्या घरातला आहे.

मग एरवी गुपचूप राहणारी ही बुरशी उठते का? निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंची दाट वस्ती असते. पेशींमधून सुटणाऱ्या साखरेवर ते जगतात, तिचं लॅक्टिक आम्ल करतात, आणि तिथला सामू ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी राखतात. पिकाने रान झाकलं की तणाला डोकं वर काढायला जागा राहत नाही, तसाच हा प्रकार आहे. पण कँडिडाला आम्लाची फारशी भीती नसते. संसर्ग झाल्यावरही सामू बहुधा तेवढाच राहतो. त्यामुळे फक्त "आम्लता बिघडली" एवढं म्हणून भागत नाही. अन्न आणि जागा आधीच व्यापलेली असणं, शरीराच्या प्रतिकारपेशींची नजर असणं, आणि बुरशीला रूप बदलायची संधी न मिळणं, या सगळ्याने मिळून ती आवाक्यात राहते.

हे रूप बदलणं प्रयोगशाळेत डोळ्यांनी बघता येतं. वाढवलेल्या यीस्टचा कणभर भाग रक्तद्रवात मिसळून तो ३७ अंश तापमानाला, म्हणजे आपल्या शरीराच्या उबेत, दोन-तीन तास ठेवायचा. मग त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आत ठेवताना सगळ्या पेशी अंडाकृती होत्या, एकेक मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाएवढी. आता कित्येक पेशींमधून एक सरळ, बारीक नळी बाहेर आलेली दिसते, आणि पेशीतून जिथे ती निघते तिथे कुठेही आवळलेली नसते. या एका खुणेवर तंत्रज्ञ कँडिडा अल्बिकन्स ओळखत आले आहेत. शरीरात हीच नळी लांब तंतू होते आणि पेशींच्या थरात घुसते. हे तंतू पेशींच्या आवरणाला भोकं पाडणारं एक विष सोडतात, हे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्याला कँडिडालायसिन म्हणतात. विष जाणवलं की शरीर पांढऱ्या पेशींची फौज तिकडे धाडतं. लाली, सूज, आग आणि जिवाला नको करणारी खाज यांतला मोठा भाग या झटापटीचा असतो.

तेव्हा विचारायचं ते हे, की अलीकडे शरीरात काय बदललं?

सगळ्यात ओळखीचं कारण म्हणजे अँटिबायोटिक. घसा धरला, लघवीला जळजळ झाली, दाढ काढली, की पाच-सात दिवसांचा कोर्स होतो. ही औषधं जिवाणू मारतात, आणि त्यांत लॅक्टोबॅसिलसही मरतात. बुरशीवर त्यांचा काही परिणाम होत नाही. रान मोकळं होतं. हे वैद्यकाला कळायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अँटिबायोटिकांचा वापर वाढला तसे बुरशीचे आजार वाढले, आणि त्यावर सुरक्षित औषध नव्हतं. ते शोधलं दोन स्त्रियांनी. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन, दोघीही न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात. हेझन न्यूयॉर्क शहरात बसून मातीच्या नमुन्यांतले जिवाणू वेगळे करायच्या आणि काचेच्या बरण्या टपालाने ऑल्बनीला ब्राउनकडे पाठवायच्या. ब्राउन त्यातलं रसायन वेगळं काढून परत पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतातली माती शेवटी फळाला आली आणि १९५० साली त्यांनी निस्टॅटिन जाहीर केलं. स्वामित्वधनापोटी मिळालेले एक कोटी तीस लाखांहून अधिक डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले.

याचा आपल्याकडचा धागा मला फार मोलाचा वाटतो. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो पेनिसिलिन करण्यासाठी. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत पुढे एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी मारणारं हामायसिन शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं नाव दिलं. जिवाणू मारणाऱ्या औषधाच्या कारखान्यातच बुरशीवरचं औषधही निघावं, आणि पिंपरीचं नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात कायमचं नोंदलं जावं, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं होतं.

दुसरं कारण साखर. मधुमेह ताब्यात नसला की रक्तात, लघवीत, ऊतींमधल्या द्रवात साखर वाढते आणि पांढऱ्या पेशींचा जोर कमी होतो. बुरशीला याहून सोयीचं काय असणार? हे फक्त बायकांपुरतं नाही. चाळिशीतल्या पुरुषाच्या शिश्नाच्या पुढच्या कातडीला वारंवार चिरा पडतात, ती लाल होते, मागे सरकेनाशी होते, आणि तो लाजेपोटी मेडिकलमधून ट्यूब आणून लावत बसतो. अशा कित्येकांचा मधुमेह पहिल्यांदा इथेच उघडकीला येतो. म्हणून पुरुषाला ही तक्रार झाली तर मलमाच्या आधी रक्तातली साखर बघावी, असं माझं ठाम मत आहे. यात गेल्या काही वर्षांत एक भर पडली आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, काही रुग्णांत दिवसाला सत्तर ग्रॅमच्या आसपास. हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती फार उपकारक आहेत, पण जननेंद्रियांवर बुरशीचा त्रास त्यांनी वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. लघवी झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन जागा कोरडी करावी, आणि खाज सुटली तर डॉक्टरांना सांगावं.

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्याबरोबर योनिमार्गाच्या पेशींतला साखरेचा साठा वाढतो, आणि ज्या बाईला कधी त्रास नव्हता तिलाही होतो. यात बाळाला दोष लागण्यासारखं काही नाही. पण या काळात तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोलची गोळी टाळतात आणि योनिमार्गात ठेवायचं क्लोट्रिमाझोल सात दिवस देतात. म्हणून मैत्रिणीला लागू पडलेली गोळी गरोदर बाईने परस्पर घेऊ नये. स्टेरॉइडची औषधं, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणं, रात्री कवळी तोंडातच ठेवून झोपणं ही तोंडातल्या बुरशीची नेहमीची कारणं. शेवटच्या दोन तर पाच मिनिटांच्या सवयीने सुटणारी आहेत.

आता प्रसाराकडे येते. योनिमार्गातल्या कँडिडाची गणना वैद्यक लैंगिक आजारांत करत नाही. कधीही शरीरसंबंध न आलेल्या मुलींनाही हा संसर्ग होतो. जोडीदारांमध्ये बुरशी इकडून तिकडे जाऊ शकते, हे खरं. काही पुरुषांना संबंधानंतर थोडा वेळ लाली आणि खाज येते. पण नवऱ्यालाही सरसकट औषध दिल्याने बायकोचा त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण कमी झालेलं नाही, म्हणून त्याला तक्रार असेल तरच उपचार करतात. याच्या उलट ट्रायकोमोनास नावाचा परजीवी संबंधातूनच पसरतो आणि तिथे दोघांनीही औषध घ्यावं लागतं. संडासाच्या भांड्यावरून यीस्टचा संसर्ग लागतो ही भीती मात्र सोडून द्यावी. संडास स्वच्छ हवेच, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

बाळाला मात्र ही बुरशी बहुधा आईकडूनच मिळते, जन्माच्या वाटेवर. जिभेवर, गालाच्या आत पांढरे ठिपके दिसतात. दुधाचा थर ओल्या कापडाने पुसला जातो, हा जात नाही, आणि खरवडला तर खालून रक्त येतं; म्हणून खरवडायचा नाही. घरातली वडीलधारी माणसं इथे टाकणखाराची लाही मधात खलून लावायला सांगतात. त्यांची माया खरी आहे, पण टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर विष आहे, आणि एक वर्षाच्या आत मध देणंही धोक्याचं आहे. डॉक्टरांनी दिलेलं क्लोट्रिमाझोलचं माऊथ पेंट किंवा निस्टॅटिनचे थेंब लावावेत आणि अंगावर पाजणं चालू ठेवावं. आईच्या स्तनाग्रांना जळजळ असेल तर दोघांचा उपचार बरोबरच होतो.

त्वचेवर या बुरशीला फक्त ओल हवी असते. भात लावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या, चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचं महिनोन्महिने न बरं होणारं नखुरडं, स्तनांखाली आणि जांघेत पावसाळ्यात सोलवटणारी कातडी, बाळाच्या डायपरखालची लाल भडक जागा, या सगळ्यांत पाण्याने भिजून कातडीचा बांध आधी फुटतो आणि मग कँडिडा आत शिरते, कधी जिवाणू किंवा दुसऱ्या बुरशीच्या साथीने. नुसतं मलम लावून हात पुन्हा दिवसभर पाण्यात घातला तर नखुरडं बरं होत नाही. त्या बाईला हातमोजे, आतून सुती असले तर उत्तम, घेऊन देणं हे मालकिणीचं काम आहे, आणि ते उपकार म्हणून करू नये.

शिबं हीसुद्धा यीस्टच, फक्त कँडिडा नव्हे. मॅलासेझिया ही यीस्ट आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असते आणि तेलावर जगते. घाम, उकाडा, तेलकट त्वचा असं जुळून आलं की पाठीवर-मानेवर फिकट डाग उमटतात. लग्नाच्या मुलीच्या मानेवर असे डाग दिसले की घराचं धाबं दणाणतं, कोड आहे की काय म्हणून. शिबं कोड नाही, आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाहीत. उपचाराने बुरशी गेली तरी रंग परत यायला काही महिने जातात. तेवढा धीर धरावा.

गजकर्णाचं मात्र तसं नाही. गजकर्ण करणारी बुरशी यीस्ट नसते, आणि ती टॉवेल, कपडे, अंथरूण यांतून खरोखर घरभर पसरते. त्यामुळे दोन्हींना एकच मलम, एकच नियम लावून चालत नाही. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूबांनी तर दोन्ही आजार बिघडवून ठेवले आहेत. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणसाला बरं वाटतं, आणि बुरशी खाली पसरत राहते.

प्रतिकारशक्ती खचली की हीच घरची बुरशी गंभीर रूप घेते. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली गेली. एड्सचा जगापुढे आलेला तो पहिला अहवाल. त्या पाचही जणांना कँडिडाचा संसर्ग होता. तरुण माणसाच्या तोंडात कारण नसताना पांढरा थर साचत असेल, गिळताना दुखत असेल, तर एच.आय.व्ही.ची तपासणी करायला कचरू नये.

"कुठून लागलं?" हा प्रश्न जिथे विचारायलाच हवा अशी जागा म्हणजे रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग. २००९ साली जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून कँडिडा ऑरिस ही नवी प्रजाती सापडली. थोड्याच वर्षांत ती भारतासह अनेक देशांतल्या अतिदक्षता विभागांत पोचली. दिल्लीतल्या रुग्णांची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ही बुरशी पलंगाच्या कठड्यावर, उपकरणांवर कित्येक दिवस टिकते, हातांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि नेहमीच्या फ्लुकोनाझोलला बहुधा दाद देत नाही. काही जंतुनाशक द्रवांनीही ती मरत नाही, क्लोरीनयुक्त द्रव लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, तिच्या सर्वांत गंभीर गटात कँडिडा ऑरिस आहे आणि कँडिडा अल्बिकन्सही. अतिदक्षता विभागात भेटायला जाताना आणि बाहेर येताना हात चोळून घ्या, असं नर्स बजावते तेव्हा ती तुमच्या माणसाचा जीव राखत असते.

आता उपचाराबद्दल, आणि इथे घाई सर्वांत जास्त होते. अंगावरून जाणारं प्रत्येक पांढरं यीस्टचं नसतं. पाळीच्या मध्यावर जाणारा पातळ, ताणला जाणारा स्राव नैसर्गिक असतो. त्याने हाडं झिजतात, अंगातली ताकद वाहून जाते, ही समजूत पिढ्यान् पिढ्या बायकांना घाबरवत आली आहे. तिला काही आधार नाही. यीस्टमध्ये स्राव फाटलेल्या दुधासारखा घट्ट असतो, वास नसतो, खाज आणि आग फार असते. करडा, पातळ, माशासारख्या वासाचा स्राव जिवाणूंचा समतोल ढळल्याचा. फेसाळ, पिवळट-हिरवा ट्रायकोमोनासचा. पण नुसत्या वर्णनावर अनुभवी डॉक्टरही फसतात. स्रावाचा एक थेंब पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की शरीराच्या पेशी विरघळून जातात आणि बुरशीचे तंतू, कळ्या फुटलेल्या पेशी मागे उरतात. स्वस्त आणि झटपट होणारी ही तपासणी आहे. "मॅडम, स्लाइड बघता का?" असं विचारण्यात गैर काही नाही.

साध्या संसर्गाला फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा काही दिवसांचं क्लोट्रिमाझोल पुरतं. दही खायला हरकत नाही, आत लावू नये. लसूण, तुरटीचं पाणी, साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी वॉश यांतलं काहीही योनिमार्गाच्या आत घालू नये. ही जागा स्वतःला स्वच्छ ठेवते, बाहेरून साधं पाणी बस्स. आणि वर्षातून तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला तर तीच गोळी चौथ्यांदा घेण्यात अर्थ नाही. रक्तातली साखर तपासावी आणि स्रावाचं कल्चर करून प्रजाती ओळखावी, कारण कँडिडा ग्लॅब्राटासारख्या काही जाती या गोळीला जुमानत नाहीत. अल्बिकन्सच निघाली तर डॉक्टर सहा महिने आठवड्याला एक गोळी असा लांबचा उपचार देतात.

आणि नवरा-बायकोंना एकच विनंती आहे: निदान यीस्टचं आलं तर एकमेकांची उलटतपासणी घेऊ नका, दवाखान्यात सोबत जा. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतात. तिथे समुपदेशक बसतो, बोललेलं गुप्त राहतं, आणि तपासणी व औषध मोफत मिळतं.